त्रेसष्ट नंबरची नोंद

५ ऑक्टोबर १९९३, मंगळवार

संगणक एचेनी गावाला सुखरूप पोचला. गाडीत तो माझ्या मांडीवर होता आणि मी गोचिडांच्या औषधाच्या ड्रमवर. पडद्याला एक ओरखडा आलाय, पण तो माझ्याच पट्ट्याच्या बकलाचा असल्यामुळे कुणावर चिडायची सोय नाही.

डिपच्या हौदाशेजारी जी पत्र्याची खोली आहे, ती आजपासून माझं ऑफिस. वीज शेजारच्या शाळेतून वायर ओढून घेतली आहे. शाळेत थोलाकेले शिकवते. वायर कुठून कशी न्यायची यावर मी तिच्याशी तीनदा चर्चा केली. एकदा पुरली असती.

काम असं: दर मंगळवारी आसपासच्या सगळ्या घरांची गुरं इथे येतात, औषधाच्या हौदातून पोहून पलीकडे निघतात आणि गोचीड मरतात. प्रत्येक घराला नंबर आहे. तोच नंबर गुरांच्या मांडीवर डागलेला असतो. फाटकाशी बाबे मागागुला (वडीलधाऱ्या पुरुषाला इथे बाबेच म्हणायचं) उभे राहून नंबर पुकारतात, डोकी मोजतात आणि वहीत लिहितात. हे ते सव्वीस वर्षं करताहेत. आमचे ह्लोफेसाहेब म्हणाले, “वहीला वाळवी लागण्याआधी सगळं मशीनमध्ये घाल, फाना. नोव्हेंबरअखेर राजधानीहून मोठे डॉक्टर बघायला येतील.”

बाबे मागागुला हे थोलाचे वडील. म्हणजे हा प्रोग्राम नीट चालला तर माझं कुठे कुठे भलं होईल, ते लिहायला नको.

८ ऑक्टोबर, शुक्रवार

तीन दिवस वहीतून नोंदी भरतोय. दोनशे बारा घरं. सी भाषेत प्रोग्राम लिहिलाय आणि मला त्याचा फार अभिमान वाटतोय, तेव्हा इथे लिहूनच ठेवतो.

प्रत्येक नोंद बरोबर चौसष्ट अक्षरांची. नाव छोटं असेल तर उरलेली जागा रिकामी सोडायची, पण घराची रुंदी बदलायची नाही. सगळी घरं सारखी असल्यामुळे शंभरावं घर हवं तर पहिल्यापासून एकेक दार ठोठावत यायला नको. नव्याण्णव घरांची रुंदी मोजायची, तेवढी एकच उडी मारायची आणि थेट दारात उभं राहायचं. यादीत नाव शोधणं नाही, काही नाही. नंबर हाच पत्ता.

हे मी थोलाला दहा मिनिटं हातवारे करून सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे बाबा करतात तेच.”

वहीत मात्र फार गचाळपणा आहे. अर्ध्या लोकांची खरी नावं नाहीत, टोपणनावं आहेत. कुणी ‘लंगडा’, कुणी ‘सिखोवा’, म्हणजे घुबड. अठ्ठावन्न नावांपुढे क्रॉस आहे, म्हणजे माणूस वारला. काहींच्या पुढे समासात उगाच आकडे. त्या घुबडापुढे ४१ लिहिलंय, दुसऱ्या कुणापुढे ९०. बाबेंनी हिशेबाला कागद म्हणून समास वापरला असावा. माझ्या नोंदीत त्याला जागा नाही, मी सोडून दिलं.

जाता जाता: संगणकाच्या खोलीची किल्ली वडिलांच्या जुन्या पितळी बिल्ल्यात अडकवली. बिल्ल्यावर ६३ ठोकलेलं आहे. साखर कारखान्यातल्या त्यांच्या कपाटाचा असणार. वडील गेले तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. त्यांनी मला सांगितलेल्या गोष्टींपैकी एक एवढीच लक्षात आहे, की हा हरवू नकोस. कारखान्याने ते कपाट एव्हाना दहा जणांना दिलं असेल, पण सांगितलंय ना, म्हणून हरवत नाही.

१२ ऑक्टोबर, मंगळवार

पहिला जाहीर प्रयोग. फजिती.

खिडकीशी गर्दी जमली होती. सगळ्यात पुढे गोगो लामावुसो. सत्तरीची विधवा आजी, डोक्यावर कॅन, तोंडात तपकीर. म्हणाली, “माझा नंबर सांग बघू तुझ्या पेटीला. एक्केचाळीस.”

मी आकडा दाबला. पडद्यावर आलं: मामबा, तीन बायका, अठ्ठावन्न गुरं.

मी मोठ्याने वाचून दाखवलं, हेच चुकलं. गोगो म्हणाली, “गुरं चालतील. बायका परत पाठवा.” फाटकापर्यंत हशा पोचला. बाबे मामबा मागेच उभे होते, ते म्हणाले, “गोगो, एक तरी ठेवून घ्या, मी म्हातारा झालो.”

चूक क्षुल्लक होती. मशीन शून्यापासून मोजतं आणि माणूस एकापासून. चाळीस घरं ओलांडायच्या ऐवजी मी एक्केचाळीस ओलांडली आणि शेजाऱ्याच्या दारात उभा राहिलो. एक वजा केला, काम झालं. बाबे मागागुला मात्र फाटकावरून हललेही नाहीत. एवढंच म्हणाले, “शून्य नंबरचं घर मी तरी पाहिलेलं नाही.”

गर्दी गेल्यावर गोगोने कॅन टेबलावर ठेवला. आंबवलेल्या दुधाचा घट्ट एमासी, साखर न घालताही गोड लागला. मी पैसे विचारले तर तिने माझ्याकडे असं बघितलं, की मी विचारलंच नव्हतं असं दाखवलं. तेवढ्यात तिची नजर किल्ल्यांवर गेली. बिल्ला उचलला, अंगठ्याने पुसला, परत ठेवला.

“तू मात्सेंजवा ना?”

“हो गोगो.”

“कुठले मात्सेंजवा?”

“कारखान्याकडचे.”

“कारखान्याला मात्सेंजवा होत नाहीत,” ती म्हणाली, आणि निघून गेली. म्हातारी माणूस चांगली, पण बोलणं तुटक. एमासीचा डबा दर मंगळवारी आणेन म्हणाली. सरकारी माणसाला खूश ठेवायची जुन्या लोकांची सवय असते.

१७ ऑक्टोबर, रविवार

आज धाडस करून थोलाच्या घरी गेलो. रीतसर बोलणी करायला माझ्याकडून काका-मामा जायला हवेत हे मला कळतं, पण काका-मामा असते तर ना. आई पलीकडच्या देशातली, वडिलांच्या बाजूचं कुणी तिने पाहिलेलं नव्हतं. म्हणून नुसतंच ‘सहज आलो’ म्हणून बसलो. तीन मैल उन्हातून सहज कुणी येत नाही हे बाबेंना ठाऊक होतं.

त्यांनी मला मक्याची लापशी आणि भोपळ्याची पालेभाजी वाढायला सांगितली, माझं खाणं होऊ दिलं, मग विचारलं, “तुझी गुरं कुठल्या नंबराखाली उतरतात?”

“आमची गुरं नाहीत, बाबे. आम्ही कारखान्याच्या चाळीतले.”

“हं.”

त्यांनी गुडघ्यावरची माशी हाकलली. मी म्हणालो, हल्ली बरेच जण लोबोला, म्हणजे मुलीच्या बापाला द्यायची गुरं, पैशात देतात, मला पगार आहे, मी साठवतोय.

“पैशांची गुरं डिपात उतरत नाहीत,” बाबे म्हणाले. “माझी पोरगी तू नेणार. मग माझ्या अंगणात काय हंबरणार, पासबुक?” मग जरा मवाळ होऊन, “मी नाही म्हणत नाही, मात्सेंजवा. मी नंबर विचारतोय. नंबर घेऊन ये.”

नंबर घेऊन ये. जसा काही तो दुकानात मिळतो. थोला मला कुंपणापर्यंत सोडायला आली आणि सारखी हसू दाबत होती. मला वाईट वाटलं, तसं तिला सांगितलंही. ती म्हणाली, “तू फार शिकलास ना, त्याचा त्रास आहे तुला.”

१९ ऑक्टोबर, मंगळवार

एमासी आला. बरोबर गोगोचं आमंत्रण: “शनिवारी ये माझ्या गोठ्यावर. गुरं बघून जा.”

मी म्हणालो, गोगो, तुमची गुरं मला मशीनमध्ये दिसतात. सव्वीस आहेत.

“मशीनमध्ये त्यांचे डोळे दिसतात का?”

मला शनिवारी नोंदी छापायचं काम होतं. तसं सांगितलं. ती एवढी हिरमुसली की मलाच अपराध्यासारखं झालं. एकट्या माणसाला बोलायला कुणी लागतं. वेळ काढून एकदा जायला हवं.

२७ ऑक्टोबर, बुधवार

काही घडलं नाही. थोलाच्या वर्गातली मुलं खिडकीतून आपापल्या घराचे नंबर ओरडतात आणि मी पडद्यावर काढून दाखवतो. मशीन एकदाही चुकलं नाही. पण माझ्याकडे ओरडायला नंबर नाही, हे डोक्यातून जात नाही. हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. मला थोलाशी लग्न करायचंय आणि अडलंय ते एका आकड्यावर, आणि मी आख्खा दिवस आकड्यांतच बसलेला असतो.

१ नोव्हेंबर, सोमवार

आज मोठं काम उरकलं. मोठे डॉक्टर येणार, त्यांना फाइल आटोपशीर दिसायला हवी. दोनशे बारांपैकी अठ्ठावन्न माणसं मेलेली! कुठल्या देशात मेलेल्या माणसांना गुरं असतात? मी एक छोटा प्रोग्राम लिहिला: ज्यांच्यापुढे क्रॉस, ती नोंद पुसायची, आणि मधे भोकं राहू नयेत म्हणून पुढची घरं पुढे सरकवायची. अर्ध्या मिनिटात दोनशे बाराची एकशे चोपन्न झाली. एकही जागा रिकामी नाही. तीच फाइल फ्लॉपीवर जुनीच्या जागी घेतली, म्हणजे गोंधळ नको.

फार समाधान वाटलं. संध्याकाळी थोलाला सांगितलं तर ती चमकली. “बाबांना विचारलंस?”

मी म्हणालो, उद्या आश्चर्याचा धक्का देऊ.

२ नोव्हेंबर, मंगळवार

दिला.

आजपासून नंबर मशीनवरून पुकारायचे असं ह्लोफेसाहेबांनी ठरवलं होतं. मी खिडकीतून वाचत होतो, बाबे फाटकावर गप्प. पहिले सहा ठीक. सातवा नंबर पुकारला आणि नाव वाचलं, तर सातव्या घराची म्हातारी म्हणाली, हा तर आठवा, माझा दीर. आठव्याचा माणूस म्हणाला, मी सातवा कसा होईन, माझ्या बैलाच्या ढुंगणावर आठ आहे, वाचता येत नसेल तर हात लावून बघ. पंधरा मिनिटांत पन्नास माणसं आपापल्या गुरांची ढुंगणं माझ्या खिडकीकडे वळवून उभी होती.

गोगो लामावुसो पुढे आली. “एक्केचाळीस.”

पडद्यावर कुणी भलताच. मी खाली वर शोधलं. गोगोचं घर फाइलीत कुठेच नव्हतं. नोंद तिच्या नवऱ्याच्या नावाने होती, आणि नवरा वारलेला.

“गोगो, तुमचे यजमान गेलेत, म्हणून...”

“गेलेत ते मला माहीत आहे. मीच पुरलं त्यांना. गोठा पुरला नाही.”

मग बाबे मागागुला फाटक सोडून आले. मी त्यांना इतके दिवस शांतच पाहिलंय, आज पहिल्यांदा आवाज चढलेला ऐकला. “पोरा, घर बापाच्या नावाने चालतं, आजाच्या नावाने चालतं. माणूस जातो, नंबर जात नाही. तू अठ्ठावन्न घरं उठवलीस आणि उरलेल्यांना दुसऱ्यांच्या घरात नेऊन बसवलंस.”

मला हे कळायला हवं होतं. मी इथलाच आहे. पण कारखान्याच्या चाळीत माणूस गेला की दुसऱ्या दिवशी त्याच्या खोलीला नवा भाडेकरू येतो, आणि मी तेवढंच पाहत मोठा झालो.

यावर कडी म्हणजे वही. कोण बरोबर हे दाखवायला दोघांनी वही ओढली, मामबांच्या बैलाने मधे मुसंडी मारली आणि वही हौदात पडली. बाहेर काढली तेव्हा शाई पार धुऊन गेली होती. आता त्या वहीत गोचीड मात्र होणार नाहीत.

३ नोव्हेंबर, बुधवार

मशीन चुकीचं, फ्लॉपी चुकीची, वही कोरी. ह्लोफेसाहेब बोलले ते इथे लिहीत नाही. नोकरी गेली तर पगार गेला, पगार गेला तर बाबेंच्या अंगणात पासबुकही हंबरणार नाही. सकाळभर डोकं धरून बसलो.

दुपारी बाबे मागागुला आले. स्टूल ओढलं, टोपी गुडघ्यावर ठेवली.

“लिही.”

“काय, बाबे?”

“एक.”

६ नोव्हेंबर, शनिवार

तीन दिवसांत दोनशे बारा. कागद नाही, चिटोरं नाही. मी म्हणालो, बाबे, एक्क्याऐंशी, त्यांनी थेट एक्क्याऐंशीच सांगितला. मुद्दाम मागे गेलो, पुढे गेलो, अधलेमधले विचारले. माणूस पहिल्यापासून आठवत येत नाही. उडी मारून दारात उभा राहतो. थोलाचं ते वाक्य मला आज पटलं आणि जरा लाज वाटली.

समासातल्या आकड्यांचाही उलगडा झाला. एकाची गुरं दुसऱ्याच्या गोठ्यात सांभाळायला ठेवलेली असतात. त्यांच्यावर डाग मालकाचा, पण हौदात उतरतात ती सांभाळणाऱ्याच्या कळपाबरोबर. आकडा म्हणजे ती कुणाकडे आहेत ते. मी हिशेबाचा कागद समजलो होतो! आता प्रत्येक नोंदीत ‘कोणाकडे’ अशी चार अक्षरांची जागा केली आहे. घर थोडं रुंद झालं, सगळ्यांचं सारखंच.

एका ठिकाणी बाबे अडले. बासष्ट सांगितला, आणि थांबले. घसा खाकरला. पाणी मागितलं, हळूहळू प्यायले, माझ्याकडे बघत राहिले. मला मनातून गंमत वाटली, चला, बाबेही विसरतात. मग म्हणाले, “त्रेसष्ट. सिखोवा. वारला. गुरं सतरा. एक्केचाळीसकडे.” मी टाइप केलं. “पुढे?” मी विचारलं. त्यांनी एवढा मोठा सुस्कारा सोडला की मी म्हटलं, थकले असतील, आणि त्या दिवसापुरतं काम थांबवलं.

९ नोव्हेंबर, मंगळवार

सगळं बरोबर चाललं. एकही चूक नाही. कुणी अभिनंदन केलं नाही, पण कुणी ढुंगणही वळवलं नाही.

गोगो एमासी घेऊन आलीच. मी माफी मागितली. ती म्हणाली, “चूक करतोस ती चांगली ठसठशीत करतोस. अगदी तसाच.” कुणासारखा ते सांगितलं नाही.

१० नोव्हेंबर, बुधवार

आजचं पहिल्यापासून लिहितो.

शाळा सुटल्यावर थोला आली. बाबे बाहेर सावलीत फाटकाची कडी दुरुस्त करत होते. मी म्हणालो, एखादा नंबर सांग, मोठ्या डॉक्टरांसाठी सराव करतो.

ती म्हणाली, “कुठला सांगू बाई?” आणि टेबलावरच्या माझ्या किल्ल्या उचलून बिल्ला वाचला. “हा बघ. त्रेसष्ट.”

मी दाबला.

सिखोवा. वारला. गुरं सतरा. ४१कडे.

मी पडद्याकडे बघितलं, बिल्ल्याकडे बघितलं. मग बिल्ला उलटा केला. कारखान्याच्या कपाटावर बैलाची शिंगं कशाला ठोकतील? ती लहानपणापासून त्याच्या पाठीवर आहेत. मी त्यांना डब्ल्यू समजत होतो.

उठून बाहेर गेलो. “बाबे, हा सिखोवा कोण?”

बाबेंनी हातोडी खाली ठेवली. थोलाकडे पाहिलं. मग चक्क जमिनीवर मांडी घालून बसले आणि हसायला लागले, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. “विचारलंस,” ते म्हणाले, “एकदाचं विचारलंस रे बाबा.”

सिखोवा म्हणजे योना मात्सेंजवा, वडिलांचे वडील. डोळे मोठे, म्हणून घुबड. नदीकाठची चराई कारखान्याच्या उसाखाली गेली तेव्हा त्यांनी आपली अकरा गुरं गोगोच्या यजमानांकडे ठेवली. मुलगा कारखान्यात लागला, एक दिवस येऊन घेऊन जाईल म्हणून त्याला बिल्ला दिला. मुलगा आला नाही. माझे वडील बेचाळिसाव्या वर्षी काम करता करता गेले, त्यांना सांगायला सवडच मिळाली नाही.

“मग तुम्ही सांगितलं का नाही?” मी जवळजवळ ओरडलोच.

“मी? तुझ्या गोठ्यात गुरं आहेत म्हणून मी सांगू? मुलीचा बाप? उद्या ती लोबोलात माझ्याच अंगणात येणार. लोक म्हणतील, मागागुलाने पोराला गुरं शोधून दिली आणि मग स्वतःच घेतली. ठेवलेल्या गुरांबद्दल तिसऱ्याने तोंड उघडायचं नसतं. वारसाने विचारायचं असतं.” नाक पुसून ते पुढे म्हणाले, “नंबर घेऊन ये म्हटलं. वहीतली नोंद म्हणून तुला त्रेसष्ट लिहायला लावला. आणखी काय करायचं होतं, बैल आणून तुझ्या मांडीवर बसवू?”

“आणि तू?” मी थोलाला म्हणालो.

“मी कुठे काय सांगितलं? मी सरावासाठी नंबर दिला.”

१३ नोव्हेंबर, शनिवार

गोगोच्या गोठ्यावर गेलो. बाबेंनी शिकवून पाठवलं होतं: टोपी काढायची, फाटकाबाहेर उभं राहायचं, आणि ‘परत द्या’ हा शब्द तोंडातून काढायचा नाही.

“कोण आहे?” आतून आवाज. मी दिसत होतो.

“मात्सेंजवा.”

“कुठला?”

“सिखोवाचा नातू.”

“काय हवंय?”

“गुरं बघायला आलोय, गोगो.”

तिने मला बराच वेळ उन्हात उभं ठेवलं. मी सहा आठवडे लावले होते, तिने वीस मिनिटं लावली, तक्रार नाही. मग फाटक उघडलं आणि एकेक जनावर नावाने दाखवलं. कुणाची आजी कोण, कुणाची खोड काय. सतरांच्या मांडीवर ६३. दर मंगळवारी ती माझ्या खिडकीसमोरून ओली होऊन गेली आहेत आणि मी पडद्यात बघत होतो.

मी विचारलं, गोगो, तुम्ही तरी बोलायचं.

“न मागता परत केलं तर त्याचा अर्थ, ने बाबा, कंटाळले. मी कंटाळले नव्हते. तुझ्या आजाच्या गाईंच्या दुधावर माझी पाच पोरं वाढली.” तपकिरीची चिमूट घेऊन ती म्हणाली, “आणि मी बोलले नाही कसं? दर आठवड्याला डबाभर बोलत होते. तो एमासी कुणाच्या गाईचा वाटला तुला, सरकारच्या?”

मला रडू आलं. लपवलं नाही. तपकिरी गाईने माझी बाही चाटली. गोगो म्हणाली तिचं नाव ‘उशिरा आलेली’ आहे, पण ते तिने तिथल्या तिथे ठेवलं असावं.

१८ नोव्हेंबर, गुरुवार

गोगोचा थोरला मुलगा माझा काका म्हणून बोलणी करायला जायला तयार आहे. सगळी गुरं हलवायची नाहीत असं मीच म्हणालो. सात तिच्याकडेच राहू देत, सांभाळायला. त्यानंतर डबा दुप्पट मोठा आला.

प्रोग्राममधून ‘नोंद पुसा’ हा पर्याय काढून टाकला. त्रेसष्टच्या नोंदीत काय बदलू म्हणून बाबेंना विचारलं. नाव माझं घालू का?

“कशाला?” ते म्हणाले. “पुढे ‘वारला’ आहे. तू मेलायस?”

३० नोव्हेंबर, मंगळवार

राजधानीचे मोठे डॉक्टर आले. मी इस्त्रीचा शर्ट घालून संगणकाशी बसलो. ह्लोफेसाहेब कुठलाही नंबर सांगत, मी दाबे, उडी बरोबर दारात. डॉक्टर मान डोलवत होते.

फाटकावर बाबे मागागुला नवी वही घेऊन पुकारत होते. साठ. एकसष्ट. बासष्ट. मग त्यांनी टोपी सारखी केली आणि पुकारलं, “त्रेसष्ट!”

बावीस वर्षांत तो नंबर या फाटकावर पुकारला गेला नव्हता. ती गुरं नेहमी एक्केचाळीसच्या मागून उतरायची. गर्दीने माना वळवल्या. मीही सवयीने त्रेसष्ट दाबला, नोंद पडद्यावर आली, सगळं बरोबर होतं. मी मान वर करून खिडकीतून बघत राहिलो, की आता पुढे कोण येतंय.

“त्रेसष्ट!” बाबेंनी पुन्हा पुकारलं, जरा जोरात.

शाळेच्या कुंपणावरून थोला म्हणाली, “फाना, अरे ऊठ की. गुरं खोळंबलीत.”